वीतभर खणून दिलेला दाखला

वऱ्हाडात मे महिन्यात जाऊ नका, असे मला पुण्यात तिघांनी सांगितले. तिघांनीही ऊन हेच कारण दिले. तिकडे न जाण्याचे माझे स्वतःचे कारण वेगळे होते, आणि ते नऊ वर्षे मी कोणालाही सांगितले नव्हते.

परत येऊन आता पंधरा दिवस झाले. ज्यांनी तो मुलूख पाहिलेला नाही त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. पण लिहिताना माझा स्वर अधूनमधून चढेल, हे आधीच कबूल करतो. मी मुळात हळू बोलणारा माणूस. या प्रवासानंतर मला वाटू लागले आहे, की माझे हळू बोलणे हा स्वभाव कमी आणि सोय अधिक होती.

नऊ वर्षांपूर्वी मी अमरावती विभागात माती तपासणीच्या नोकरीत होतो. अकोल्याच्या वाटेवर एक गाव आहे. त्याचे नाव देत नाही. माझ्यासारख्यांच्या लेखणीचा त्या गावाला पुरेसा त्रास होऊन गेला आहे. तिथे रस्त्याकडेच्या एका कंपनीच्या आवारातली डिझेलची टाकी भर उन्हाळ्यात फुटली आणि लगतच्या शेताचे खालचे दोन एकर भिजून गेले. मी गेलो, नमुना घेतला आणि ‘जमीन लागवडीस योग्य’ असा दाखला दिला. त्यानंतर दरसाल त्या दोन एकरांतली कपाशी गुडघ्याला लागते आणि पोळ्याच्या सुमारास पिवळी पडून जागच्या जागी वाळते. हे मला शेताच्या मालकीण कांताबाई यांच्या पत्रांतून कळत होते. त्यांची तीन पत्रे आली. मी एकाचेही उत्तर दिले नाही.

यंदा चौथे पत्र आले, ते कांताबाईंचे नव्हते. त्यांच्या तक्रारीवरून अखेर कंपनीला जमीन शुद्ध करून देण्याचा आदेश झाला होता, आणि ज्या कंत्राटदार संस्थेला कंपनीने ते काम दिले होते तिने कळवले होते, की बायोचार वापरून काम पूर्ण झाले आहे; तज्ज्ञ म्हणून आपण येऊन पाहणी करावी व सही करावी. बायोचार म्हणजे पिकाचा काडीकचरा हवा कोंडून भाजून केलेला कोळसा. त्याच्या असंख्य बारीक छिद्रांत तेल अडकते, आणि त्याच छिद्रांत तेल खाणारे सूक्ष्मजीव घर करतात. कोळसा स्वतः काही शुद्ध करत नाही. तो फक्त राबणाऱ्यांना घर देतो.

मला बोलावण्याचे कारण माझी विद्वत्ता नव्हती, माझी जुनी सही होती. ज्याने एकदा जमीन निर्दोष ठरवली तो दुसऱ्यांदाही ठरवील, हा त्यांचा हिशेब चुकीचा होता असे मला म्हणता येत नाही.

अमरावती

शहर ओळखीचे राहिलेले नाही. जिथे पूर्वी सायकलींची दुकाने होती तिथे शिकवण्यांच्या पाट्या एकीवर एक चढल्या आहेत, आणि दुपारी एकच्या उन्हात तोंडाला दुपट्टे गुंडाळलेली मुले दुचाक्यांवरून एका वर्गातून दुसऱ्या वर्गात जात असतात. एकच गोष्ट जागेवर होती: गिल्या वड्याची गाडी. दह्यात बुडालेला तो मऊ, गार वडा आम्हा पुणेकरांना दहीवड्याचा भाऊ वाटतो. पण गाडीवाल्याला तसे म्हटले तर तो दुखावतो. मी नऊ वर्षांपूर्वी म्हटले होते. या वेळी गप्प राहून दोन खाल्ले.

यंदा वऱ्हाडात पाहणी करणाऱ्यांची रीघ लागलेली होती. मी उतरलो त्या लॉजमध्ये माझ्याखेरीज आणखी दोन पथके होती, आणि प्रत्येकाच्या हातात छापील प्रश्नावली. लॉजच्या मालकाने वही पुढे करत विचारले, “तुमी कायचे? कापसाचे का पान्याचे?”

मी म्हणालो, “मातीचा.”

“मातीचे पयल्यांदाच आले,” तो म्हणाला आणि तसे वहीत लिहिले.

संध्याकाळी कंत्राटदाराचे व्यवस्थापक भेटायला आले. तरुण, अदबशीर, इस्त्रीच्या सदऱ्यातला माणूस. त्यांनी संत्रा बर्फीचा डबा टेबलावर ठेवला आणि त्याच्याशेजारी टाइप केलेला दाखला. त्यावर परवाची तारीख होती. ‘समक्ष पाहणी केली असता’ अशी सुरुवात होती. मी अजून काही पाहिलेच नव्हते.

“नुसती फॉर्मॅलिटी आहे, सर,” ते म्हणाले. “परवा शेतावर गाडी घेऊन येतो. फोटो काढू, सही करू, संध्याकाळच्या गाडीने तुम्ही मोकळे.”

“कोळसा कुठून आणला?”

“परतवाड्याहून. सगळं ऑरगॅनिक.”

मी अधिक काही विचारले नाही. जी माणसे मला सहज आवडतात त्यांना मी काही विचारत नाही. नऊ वर्षांपूर्वीही कंपनीचे लोक मला आवडलेच होते. बर्फीचा डबा खोलीतच ठेवून निघालो. दुसऱ्या दिवशी परतलो तेव्हा मुंग्यांनी त्याची समक्ष पाहणी सुरू केलेली होती.

परतवाडा

सकाळी लवकर काळीपिवळी जीप धरली. दहा जणांच्या जागेत पंधरा जण. मांडीवर मेळघाटात निघालेल्या कोणाचे तरी प्लॅस्टिकचे मडके. परतवाड्याला उतरून विचारत गेलो, तर कोळशाची भट्टी बनवणारा माणूस गावात एकच निघाला: हनीफभाई. जुन्या ड्रमांचे वेल्डिंग करणारे, साठीच्या आतले, डोळ्यांवर काळी काच चढवलेले.

त्यांनी काच कपाळावर ढकलली, मला वरपासून खालपर्यंत पाहिले आणि कामाचे आधी दाखवले. दोनशे लिटरचा ड्रम, खाली भोके, वर धुराडे. आत पऱ्हाट्या, म्हणजे कापूस वेचून झाल्यावर उरलेली कपाशीची वाळकी झाडे, उभ्या रचायच्या. वरून पेटवायचे आणि धूर पातळ झाला की भोके मातीने लिंपून टाकायची.

“ज्यादा जलाया तो राख, कम जलाया तो लकडी,” ते म्हणाले. “बीच का जो है, वही काम का है.”

मी कंत्राटदाराचे नाव काढताच त्यांनी हातातला चिमटा ठेवून दिला.

“एक पोतं नेलं त्यायनं माह्याकडून. फोटोले. बाकी चार ट्रक वीटभट्टीवर भरले. मी म्हनलं, अबे हे राख हाय, कोयसा नाई. तं तो पोट्टा म्हनते, चाचा, काळं तं हाय ना!”

कांताबाईंचे शेत खारपाणाच्या पट्ट्यातले. विहिरीचे पाणी खारट, जमीन आधीच विम्लतेकडे, म्हणजे क्षारांकडे, झुकलेली. तिथे राख पसरणे म्हणजे तहानलेल्याला मीठ पाजणे. आणि ते करून वर दाखल्याला तज्ज्ञाची सही हवी!

हनीफभाई मात्र शांतपणे कडेच्या नळावर हात धुवत होते. “कांताबाईचं शेत ना? ते माह्या बहिनीच्या गावचं. बाई येऊन राह्यली इथं दोन सालांपासून. तिनंच मले हे दाखोलं.” त्यांनी अंगणाच्या कोपऱ्याकडे बोट केले. वर्षानुवर्षे इंजिनांचे तेल गळून काळीठिक्कर झालेली जमीन, आणि तिच्या कडेने हिरवे, दाट गवत.

“बाई म्हने, हनीफभाई, या मातीले तेल पचते. दुधाले विरजन लावते तशी हे माती मले घमेलंभर द्या. मी हासलो. पुरे बजार में मेरी हसी हुई. कचरा नेऊन राह्यली म्हने बाई, अन् तोही बसनं!”

मी हसलो नाही. ज्या गोष्टीसाठी प्रयोगशाळेत आम्ही काचेच्या बशा आणि महिने घालवतो, ती त्या बाईने गवताकडे पाहून ओळखली होती. त्या काळ्या मातीतल्या जीवांनी तेल खायला शिकून घेतले होते.

दुपारी हनीफभाईंच्या घरी जेवलो. ज्वारीची भाकर, पातळ बेसन, कांदा, आणि त्यांच्या पत्नीने आग्रहाने वाढलेला आमरस. आमच्याकडे बेसनाला झुणका म्हणतात आणि तो कोरडा करतात, असे मी सांगितले. “कोरडा उतरते कसा मग घशाखाली?” पत्नीने विचारले. मी बेसन आणखी वाढून घेतले.

निघताना हनीफभाई म्हणाले, “उद्या मी येतो तुमच्यासंगं. सही करनार का नाई ते माह्या डोयानं पाहीन.”

शेत

कांताबाई बांधावर उभ्या होत्या. पासष्टीच्या पुढच्या, किडकिडीत, डोक्यावरून पदर, हातात एक पऱ्हाटी.

“या,” त्या म्हणाल्या. “केस गेले वाटते तुमचे.”

“तुम्ही मला ओळखलंत?”

“तोंडानं नाई. पायानं ओळखलं.”

मला कळले नाही. त्या वळून चालू लागल्या, मी मागोमाग. ज्यांनी वैशाखातली वऱ्हाडची काळी जमीन पाहिली नाही त्यांना सांगायला हवे, की ती तेव्हा सलग नसते. पावसाळ्यात पाणी पिऊन फुगलेली ती माती उन्हाळ्यात आक्रसते आणि तडकते. हात जाईल इतक्या रुंद भेगा पडतात, आणि त्या जाळ्यासारख्या शेतभर पसरतात. या शेतावर त्या जाळ्यावर करड्या राखेचा थर टाकलेला होता. वारा आला की तो उडून आमच्या तोंडात जात होता.

एका मोठ्या भेगेशी त्या थांबल्या. हातातली पऱ्हाटी त्यांनी भेगेत सोडली. काठी त्यांच्या छातीइतकी लांब होती. ती पुरी आत गेली आणि दिसेनाशी झाली.

“नऊ वर्सांआधी तुमी इथं उभे होते. मी म्हनलं, साहेब, या भेगीत पाहा. तुमी म्हनले, बाई, भेगेत नमुना घेत नाहीत. अन् टांग टाकून तिकडं गेले. तिथं वीतभर खनलं. हे पाय ध्यानात राह्यले माह्या.”

ते खरे होते. नमुना वीतभर खोल, इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराच्या खड्ड्यातून घ्यायचा. बांधाजवळचा, झाडाखालचा, उकिरड्याजवळचा घ्यायचा नाही. थोडक्यात, वेगळ्या दिसणाऱ्या जागा टाळायच्या. मी भेगही टाळली. ज्या मुलखात मे महिन्यात भेग हीच जमीन असते, तिथे मी भेगेला अपवाद मानले! डिझेल भेगांतून कमरेइतके खाली गेले होते, वरची अखंड ढेकळे उन्हात वाळून स्वच्छ झाली होती, आणि मी नेमकी ती ढेकळे पिशवीत भरून नेली. पहिल्या पावसात भेगा मिटल्या. तेल आत, वर झाकण. कपाशीची मुळे श्रावणात त्या थराला पोचत आणि मरत. आणि आमच्या खात्यातले लोक, मी गप्प असताना, बाईंना सांगत राहिले की तुमची मशागत चुकते!

“बाई, माझी चूक झाली,” मी म्हणालो.

“ते मले माहीत हाय,” कांताबाई म्हणाल्या. “तुमाले कवा माहीत झालं ते सांगा.”

खोटे बोलणे शक्य नव्हते. “तुमचं पहिलं पत्र आलं तेव्हा.”

हनीफभाईंनी खाकरून फावडे उचलले. “चलो बाई, कपडा दिखाव साहब को.”

मागच्या वैशाखात कांताबाईंनी एकाच जुन्या सुती लुगड्याचे तीन तुकडे तीन जागी पुरले होते. माती जिवंत असेल तर तिच्यातले जीव सूत खातात. मेलेली असेल तर कापड तसेच राहते. कापूस पिकवणाऱ्या बाईला हे कोणी शिकवावे लागले नव्हते. पहिला खड्डा वरच्या चांगल्या रानातला: हाती आले ते फक्त काठाचे चार धागे. दुसरा खालच्या दोन एकरांतला, कमरेइतका खोल, काहीच न टाकलेला: तुकडा अख्खा निघाला. त्यावरची छापील फुलेसुद्धा मोजता आली असती. त्याला डिझेलचा वास येत होता, नऊ वर्षांनी. मी तो हातात धरला आणि बांधावर बसलो.

तिसरा खड्डाही खालच्याच रानातला, पण एका भेगेवरचा. तिथे कांताबाईंनी कोळसा आठ दिवस शेणपाण्यात भिजवून, त्यात हनीफभाईंच्या अंगणातली माती कालवून, तो काला भेगेत ओतला होता.

“तेल ज्या वाटेनं गेलं,” त्या म्हणाल्या, “त्याच वाटेनं मागं धाडाले पाह्यजे ना कोनी. वरून टाकून काय होते?”

तुकडा वर आला तो चाळणी होऊन. अर्धे कापड गेले होते. उरलेल्यावर पांढऱ्या बुरशीचे तंतू पसरलेले. वास होता, पण मातीचा वासही त्यात मिसळला होता. काम अर्धेच झाले होते, पण झाले होते. एका बाईने आणि एका वेल्डरने, घमेल्याने आणि बादलीने, चार ट्रकांना जमले नाही ते करून दाखवले होते.

तेवढ्यात व्यवस्थापकांची गाडी आली. छायाचित्रकार उतरला, मग फाईल उतरली. मी त्यांना तीनही तुकडे दाखवले.

“छान आहे, सर,” ते म्हणाले. “पण चिंध्यांवर सरकारी काम चालत नाही. आपण इथे सही करा.”

“तुम्ही राख टाकली आहे.”

“सर, बायोचारचे वेगवेगळे प्रकार असतात.”

“राख हा त्यातला प्रकार नाही!” मी ओरडलो. हनीफभाईंनी दचकून माझ्याकडे पाहिले. माझा स्वतःचा आवाज मला अनोळखी वाटला. “आणि टाकली ती वर. पाऊस पडला की भेगा मिटतील, मग वर्षभर आत काहीही जाणार नाही. भेगांत भिजवलेला कोळसा भरायचा असेल तर आत्ता, या तीन आठवड्यांत. मी सही केली तर तुमची फाईल बंद होईल आणि हे काम कोणीच करणार नाही.”

व्यवस्थापक अजूनही अदबीने उभे होते. “सर, मग पहिला दाखला खोटा होता असं तुम्ही लिहून देणार का? स्वतःच्या सहीने?”

छायाचित्रकाराने कॅमेरा खाली घेतला.

“देणार,” मी म्हणालो.

गाडी गेल्यावर कांताबाईंनी राखेवर पाय घासत विचारले, “लिहाल तुमी. अन् मग? पुन्यात जाऊन इसराल.”

“नाही विसरणार.”

“रुमाल द्या तुमचा.” मी दिला. त्यांनी तो बोटांत चोळून उन्हाकडे धरला आणि परत फेकला. “हे तं टेरिकॉट हाय. सात जनम नाई कुजत. साहेबायचं कापडबी असंच!”

हनीफभाई हसत हसत खाली बसले. “बनियान देखो, बाई, बनियान! वो तो कॉटन की होगी.”

विहिरीच्या आडोशाला जाऊन मी सदरा उतरवला, बनियन काढली आणि सदरा तसाच उघड्या अंगावर चढवला. कांताबाईंनी बनियन नीट पारखली, मान डोलावली, आणि खालच्या रानातली सर्वांत मोठी भेग निवडली. त्यांनी बनियन आत सोडली, हनीफभाईंनी कोळशाचा काला बादलीने ओतला, मी वरून माती लोटली.

“दिवाळीत काढू,” कांताबाई म्हणाल्या. “तुमीच या. तुमच्या हातानं खना. अन् टांग टाकू नका.”

अकोला

दुसऱ्या दिवशी अकोल्यात, ज्या कार्यालयात ही फाईल होती तिथे, मी दोन पानी निवेदन घेऊन गेलो: माझा नऊ वर्षांपूर्वीचा दाखला चुकीच्या नमुन्यावर आधारलेला असल्याने मी तो मागे घेत आहे, जमीन कमरेच्या खोलीवर अद्याप दूषित आहे, वर टाकलेली राख हा उपाय नव्हे.

टेबलामागच्या गृहस्थांनी ते दोनदा वाचले. “दाखला मागे घेण्याचा नमुना नाही आपल्याकडे.”

“म्हणजे?”

“दाखला देण्याचा नमुना आहे. हरकतीचा आहे. पण देणाराच मागे घेतो, असा नाही. कुठं लावू हे?”

मी तिथे साडेतीन तास बसलो. तीन वेळा मला जेवून येण्यास सुचवण्यात आले. एका सज्जनाने समजावले, की इतक्या वर्षांनी स्वतःचेच नाव खराब करून कोणाचे भले होत नाही. चूक करायला सरकारदरबारी छापील कागद मिळतो आणि ती दुरुस्त करायला कोरा कागदही घेत नाहीत, याची चीड मला यावी हे उघडच. पण त्या चिडीत मला स्वतःला वगळता येत नव्हते. त्या खुर्चीवर मीही बसलेलो आहे. मीही माणसांना जेवून यायला सांगितले आहे.

शेवटी आवक शिक्का मिळाला. माझ्या सहीवर तो तिरका उमटला. व्यवस्थापकांच्या टाइप केलेल्या दाखल्यावरची सहीची जागा मोकळी राहिली, आणि फाईल बंद झाली नाही.

परवा हनीफभाईंचा फोन आला. कंपनीने अजून काही कळवलेले नाही. कांताबाई आणि त्यांनी वाट पाहणे सोडून दिले आहे. दोन ड्रम रात्रंदिवस पेटलेले असतात, शेणपाण्याच्या हौदात कोळसा भिजतो, आणि ढग भरून येण्याआधी जितक्या भेगा भरतील तितक्या भरायच्या असे चालले आहे. “एक तिहाई हो गया,” ते म्हणाले. उरलेल्यांसाठी मी पुन्हा निघतो आहे, उद्याच्या गाडीने. या वेळी उन्हाबद्दल मी कोणाला विचारलेले नाही.

माझी एक बनियन त्या जमिनीत आहे. माझी कोणतीही वस्तू सडून नाहीशी व्हावी, अशी इच्छा मी आयुष्यात कधी केली नव्हती. आता रोज करतो. दिवाळीत मी त्या भेगेशी गुडघे टेकून खणेन, आणि माझ्या हाताला तिथे काहीही लागू नये.